यिर्मयाची ७० वर्षे दानीएलात ४९० कशी होतात?

प्रश्न: बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मयाच्या पुस्तकात (अध्याय २५, वचने ११-१२) बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सत्तेला ७० वर्षांची मुदत आहे. दानीएलाच्या पुस्तकात (९:२४) तीच मुदत ‘सत्तर सप्तके’ (सात-सात वर्षांचे सत्तर गट) होते. हा सातपटीचा गुणाकार मनानेच केला आहे का?

उत्तर १: नाही, त्यामागे लेवीय (जुन्या करारातलेच नियमांचे पुस्तक) २६ आहे. तिथे आज्ञा मोडत राहिल्यास शिक्षा सातपट होईल, असे चार वेळा येते (१८, २१, २४, २८). ७० गुणिले ७ म्हणजे ४९०. दानीएल ९:११ मध्ये मोशेच्या नियमशास्त्रातल्या शापाचा उल्लेखही आहे, त्यामुळे हा दुवा मला भक्कम वाटतो.

उत्तर २: मधला टप्पा सुटतोय. २ इतिहास (इतिहासाचे दुसरे पुस्तक) ३६:२१ यिर्मयाचे नाव घेते, पण भूमीने शब्बाथ (विसाव्याचा काळ) भोगल्याची भाषा लेवीय २६:३४-३५ मधली आहे. म्हणजे यिर्मया आणि लेवीय यांतले हे दोन उतारे दानीएलाबाहेरही जोडले गेले होते. एक सावधगिरी: आकडा जुळला म्हणून एका मजकुराने दुसऱ्यातून उसनवारी केली असे ठरवू नका. आधी दुर्मीळ शब्दांची जुळणी पाहा, मग संदर्भ, मग कोणता मजकूर आधीचा ते. तिसऱ्या पायरीवरच बहुतेक वाद अडकतात.

उत्तर ३: नव्या करारातही अशी जोडणी आहे. मार्क १:२-३ यशया या संदेष्ट्याचे नाव देतो, पण पहिला भाग मुख्यतः मलाखी या दुसऱ्या संदेष्ट्याच्या ३:१ चा आहे. यशया ४०:३ त्यानंतर येते. मत्तय ३:३ फक्त यशया ठेवतो आणि मलाखीचा भाग ११:१० मध्ये देतो. हे पाचही उतारे शेजारी ठेवून वाचा.