अनुभव धागा: समोरच्या काचेवरचा टवका आणि पळणारा तडा

खडीच्या डंपरमागून जाताना बारीक खडा उडतो, काचेवर मसुराएवढा टवका पडतो आणि "बघू नंतर" म्हणून तो तसाच राहतो. मग एका सकाळी त्यातूनच वीतभर तडा गेलेला दिसतो. मधल्या दिवसांत काचेत काय होतं, टवका कधी भरायचा, काच कधी बदलायची? काचेचं काम जाणणाऱ्यांनी लिहावं. किस्से नकोत, हाताशी येईल असा तपशील द्या.

नखाने तपासा

समोरची काच म्हणजे साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी या लवचिक प्लास्टिकचा ०.७६ मिमीचा पारदर्शक पडदा. दारांच्या टफन्ड काचा फुटल्या की त्यांचे साबुदाण्यासारखे दाणे होतात. इथे तसं होत नाही. खडा बसला की बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच टिचते. बाहेरून नख अडकतं आणि आतून गुळगुळीत लागतं, तर टवका भरण्यासारखा आहे. आतूनही अडकलं तर काच बदला.

तडा उभ्या गाडीतही वाढतो

काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. टवक्याभोवती केसाहून बारीक फाटे असतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी ताण एकवटतो. मे महिन्यात नागपुरात दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या काचेला हात लावून पाहा, ठेववत नाही. अशा काचेवर आतून एसीची गार हवा सोडली की हवा लागते तो भाग आक्रसतो आणि शेजारचा तापलेला भाग त्याला ओढून धरतो. तेवढ्याने फाटा पुढे सरकतो. म्हणून आधी दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, एसी पायाकडे ठेवा, मग हळूहळू वाढवा. तापलेल्या काचेवर बादलीभर पाणी ओतणं तर त्याहून वाईट.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. फाट्याच्या टोकाशी ओलावा पोचला की तो काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडायला मदत करतो. थोडा ताण असला तरी फाटा सावकाश पुढे जात राहतो, रात्री गाडी जागेवर उभी असतानासुद्धा. पावसाळ्यात टवका उघडा ठेवू नका असं कळकळीने सांगतो ते यासाठीच. टवका पडला की लगेच कोरड्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावा. मळ आणि पाणी दोन्ही बाहेर राहतं.

कडेचा टवका

काचेच्या कडेपासून पाचेक सेंटीमीटरच्या आत असेल तर एक दिवसही थांबू नका. तिथे काचेत आधीच ताण असतो, गाडी खड्ड्यात आपटली की बॉडीचा पीळही तिथेच येतो.

खडा न लागताही तडा जातो. बॉलपेनचं टोक तड्यावरून कडेपर्यंत फिरवा. कुठेच खळगा लागला नाही आणि तडा थेट कडेपासून निघालेला असेल, तर फ्रेमवरचा गंज किंवा वाकडी बसवलेली काच हे कारण शोधा. ते तसंच ठेवलं तर नवी काचही तडकेल.

रेझिन भरताना

रेझिन म्हणजे टवक्यात भरायचा पातळ, पारदर्शक द्रव; अतिनील प्रकाशाने तो घट्ट होतो. रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाणारा टवका चांगला भरतो. काम सावलीतच हवं, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिन फाट्यांत शिरण्याआधीच घट्ट होतं. सुईने सुटे कण काढायचे, ओल असेल तर हेअर ड्रायरने मंद ऊब द्यायची, रेझिन आत ढकलणारा इंजेक्टर बसवायचा. आधी दाब, मग हवा ओढून घेणं, पुन्हा दाब. फाटे काळे-चंदेरी दिसायचे थांबले म्हणजे भरले. मग अतिनील दिवा, वरच्या खळग्यात दाट रेझिनचा थेंब, त्यावर प्लास्टिकची चकती, पुन्हा दिवा, आणि उभ्या ब्लेडने खरवडणं. पुसट डाग राहतोच. म्हणून चालकाच्या नजरेसमोरचा टवका असेल तर काच बदलणं बरं.

फेविक्विक?

नको. तोंडाशीच घट्ट होतं, पांढुरकं पडतं आणि नंतर रेझिन आत जाऊच देत नाही.

काच बदलताना

सर्वसमावेशक विम्यात काचेला घसारा लागत नाही. सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातली आपण स्वतः भरायची रक्कम, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये असते. दाव्याने नो क्लेम बोनस जातो, तेव्हा आधी विम्यातून मिळणारी रक्कम आणि जाणारा बोनस असे दोन्ही आकडे मांडून बघा.

काच फ्रेमला चिकटवणारा जुना युरेथेन पूर्ण उपटायचा नाही, पातळ थर ठेवून त्यावर नवा सोडायचा. फ्रेमला ओरखडा पडला तर प्राइमर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका, गंज तिथूनच सुरू होतो. गाडी कधी काढायची ते युरेथेनच्या नळीवर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना काचेवरच टेकते, म्हणून यात घाई नको. आरशामागे कॅमेरा असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा नव्या काचेशी पुन्हा जुळवणं, करून घ्या. पहिला दिवस दाराची एक काच बोटभर खाली ठेवा, म्हणजे दार आपटल्यावर आतल्या हवेचा दाब ओल्या सीलवर येत नाही. प्रेशर वॉश दोन दिवस नको.