बावीस वर्षांच्या फायली उघडेनात: मिंट टाकल्यापासूनच्या अडचणी

अक्षरजुळणी_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत माझं डीटीपीचं दुकान आहे. २२ वर्षं लग्नपत्रिका, पावतीबुकं, पतसंस्थांचे अहवाल करते. मशीन तिसऱ्या पिढीचं आय-५, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर बसत नाही, त्याला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. नवीन घ्यायचं तर लग्नसराईची सगळी कमाई त्यातच जाईल. भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट २२ टाकून दिलं, शेजारी विंडोजही ठेवलं, आणि तो पुण्याला परत गेला.

मशीन आता पळतं, त्याबद्दल तक्रार नाही. अडतं ते रोजच्या कामात, आणि तुळशीचं लग्न झाल्यापासून गिऱ्हाईक दारात आहे.

पहिलं म्हणजे जुन्या फायली. परवा एका गिऱ्हाइकाला थोरल्या मुलीची पत्रिका दाखवायला २०१४ ची फाईल उघडली. "॥ श्री भगवंत प्रसन्न ॥" असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, स्वल्पविराम. खाली सगळ्या मजकुराचं तेच. आजोबा, काका, मामा, एकाही माणसाचं नाव वाचता येईना. माझ्या हातची जुळणी आणि मलाच वाचता येत नाही, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरं टायपिंग. माझी बोटं रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डची, पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. इथे अक्षर आधी द्यावं लागतं. आणि "दुसऱ्या" काही केल्या येत नाही, रफार वर जाऊन बसतो. "दुसर्या" छापून मी कुणाला देणार नाही.

तिसरं, प्रिंट. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढली की तळाचं कापलं जातं. काल नेमकं विवाहस्थळ कापलं गेलं.

चौथं, मुलीच्या वडिलांनी प्रूफ हातात घेतलं आणि "शुभविवाह"वर बोट ठेवलं. म्हणाले, ताई, हा श हिंदी पुस्तकातला वाटतो. त्यांचं बरोबर होतं. ल सुद्धा तसाच आला होता.

शिवाय डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही, फक्त वाचता येतं. आणि विंडोजमध्ये गेलं की घड्याळ मागे पडलेलं. दुपारी बाराला केलेल्या बिलावर सकाळचे साडेसहा छापले गेले.

टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करून द्यायची ती खिडकी, मला येत नाही. शिकायची तयारी आहे, पण या हंगामात वेळ नाही. आधी काय करू ते सांगा.

मास्तर_सिन्नर

ताई, शेवटच्या दोन गोष्टी पहिल्यांदा मिटवा, दहा मिनिटांचं काम आहे.

डी ड्राइव्ह बिघडलेला नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद करताना ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह अडवून ठेवतं. मिंट ते पाहतं आणि फायली बिघडू नयेत म्हणून लिहायला हात लावत नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. हे मिंटमधून जबरदस्तीने सोडवायचे उपाय कुणी सांगेल, ते करू नका. त्यावर तुमचं २२ वर्षांचं काम आहे.

घड्याळाचा फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे बघा. मिंट मशीनच्या आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारताची वेळ समजतं. मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं, ती टर्मिनलमधली एकच ओळ आहे. भाच्याला फोनवर विचारा, टाइमडेटसीटीएल म्हटलं की त्याला कळेल.

खिळेजुळारी

मी शिशाच्या खिळ्यांपासून हे काम केलं आहे, म्हणून फाँटचं जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या फायली गेलेल्या नाहीत. त्या जुन्या फाँटांत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसतं. केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, एका अक्षराच्या घरात दुसऱ्याच अक्षराचे खिळे भरून ठेवावेत तसं इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. अर्धा श एका घरात, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. तो फाँट मशीनवर असेल तोवर मराठी दिसतं, नसला की खालची इंग्रजी घरं उघडी पडतात. विंडोज पुन्हा टाकताना फाँट टाकायचा राहिला असता तर तिथेही हेच दिसलं असतं.

तुम्ही विकत घेतलेला फाँट असेल तर त्याची फाईल मिंटमध्ये डबल क्लिक करून बसवा, साध्या कागदपत्रांपैकी बरीच वाचता येतील. पेजमेकर या जुन्या जुळणीच्या प्रोग्रामच्या फायली मिंटमधलं लिब्रे ऑफिस उघडतं, पण मांडणी सरकते, तिच्यावर विसंबून छापू नका. विंडोजमधून नुसता मजकूर बाहेर काढा आणि युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासा, चुका तिथेच राहतात. सगळ्या फायली बदलत बसू नका. पत्रिका एकदाच लागते. पतसंस्थेचा अहवाल दर वर्षी येतो, मार्चअखेरच्या हिशेबाची सभा सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. तिथून सुरुवात करा.

आता श आणि ल. २००९ च्या शासन निर्णयाने देठाचा श आणि पाकळीचा ल आपल्यासाठी ठरवून दिले आहेत. नोटोच्या देवनागरी फाँटांत ते आहेत, फक्त मजकूर मराठी आहे हे सांगावं लागतं. लिब्रे ऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट आहे, तिथे हिंदीऐवजी मराठी निवडा. जुना मजकूर निवडून त्याचीही भाषा मराठी करा. पत्रिकेची मांडणी स्क्रायबस या प्रोग्राममध्ये करायची तर १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या, जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं तुटायची.

मिंटमध्ये रेमिंग्टन कीबोर्डही घेता येतो. तरी माझं मत इनस्क्रिप्टचं, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सरकारी प्रमाण कीबोर्डचं. त्यात उच्चाराच्या क्रमाने टाइप होतं. कर्म म्हणजे के, जे, डी, सी. यातला डी म्हणजे पाय मोडणं. "दुसऱ्या"साठी साधा र नको. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी, मग य, मग काना. साध्या र चा पाय मोडला की रफार होणारच.

प्रिंटचं कारण बहुधा कागदाचं माप. मिंट टाकताना भाषा अमेरिकन इंग्रजी निवडली गेली असेल तर कागद लेटर धरला जातो. तो ए४ पेक्षा जवळजवळ १८ मिलिमीटर आखूड असतो. तुमचं विवाहस्थळ तेवढ्यातच गेलं असणार. भाषेच्या सेटिंगमध्ये रीजन भारत करा आणि प्रिंटरच्या गुणधर्मांतही ए४ निवडा.

सोलापुरी_छपाई

माझं मत थोडं वेगळं आहे. इनस्क्रिप्ट चांगलंच, पण लग्नसराईत बोटं बदलायला लावणं म्हणजे ताईंच्या पोटावर पाय. हा हंगाम रेमिंग्टनवर काढा, माघ-फाल्गुनानंतर शिका. जुन्या फायलींसाठी विंडोज ठेवा, पण नेटची वायर काढून. नेट लागणारच असेल तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते.

अक्षरजुळणी_बार्शी

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा दिवसांनी लिहिते आहे.

कागदाचं माप लेटरच निघालं. ए४ केल्यावर पहिल्याच ट्रेसिंगवर विवाहस्थळ पूर्ण आलं. डी ड्राइव्ह सुटला. घड्याळ भाच्याने फोनवर सांगून दुरुस्त करून घेतलं. भाषा मराठी केली आणि डोळ्यांसमोर श ला देठ आलं. त्या वडिलांना बोलावून दुसरं प्रूफ दाखवलं, त्यांनी काही न बोलता सही केली.

२०१४ च्या त्या पत्रिकेचा फाँट जुन्या सीडीवर सापडला. बसवला आणि नावं परत दिसली. त्यातले दोन आजोबा आता नाहीत, त्यामुळे मी ते पान बराच वेळ तसंच उघडं ठेवलं.

सोलापूरच्या दादांचं म्हणणं पटतं, पण दोन्ही कीबोर्डांत बोटांचा गोंधळ व्हायला लागला, म्हणून इनस्क्रिप्टच धरलं आहे. जी पत्रिका वीस मिनिटांत जुळायची तिला काल दीड तास लागला. सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर नुसती नावं टाइप करते. "दुसऱ्या" आता न बघता येतं.

एक अजून सुटलं नाही. इनस्क्रिप्टवर आकडे देवनागरी उमटतात, पत्रिकेला तेच हवेत. पतसंस्थेला मात्र ताळेबंदात इंग्रजी आकडे लागतात आणि मी प्रत्येक ओळीला कीबोर्ड बदलते आहे. आकडे तेवढे इंग्रजी ठेवायची काही सोय आहे का?