पाडवा: चपलांजवळचं टेबल (इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळातली चर्चा)

खजिनदार: मंडळी, चपलांच्या रॅकशेजारचं टेबल श्रीखंडाच्या कूपनांसाठी आहे. तिथे कौन्सिल इलेक्शनची, रिफॉर्म ह्या इमिग्रेशनविरोधी पक्षाची पत्रकं ठेवायची असं परवाच्या मीटिंगनंतर कोणीतरी ठरवलंय. आपण रजिस्टर्ड चॅरिटी आहोत, एका पक्षाचा प्रचार चालत नाही. प्लीज.

हॅरोचे काका: कोणीतरी कशाला, मीच. दिवाळीला दुसऱ्या पक्षाचे कौन्सिलर स्टेजवर नमस्ते करून गेले तेव्हा चॅरिटी कुठे होती? मी १९७८ ला आलो, रीतसर, प्रत्येक फी भरून. आता बोटीतून उतरलं की सरकारी खर्चाने हॉटेल. २०१६ ला लीव्हला, म्हणजे ब्रेक्झिटला मत दिलं ते ह्यासाठीच, युरोपातून कोणीही यावं आणि माझ्या भाच्याला मात्र व्हिसा नाही.

रेडिंगच्या वहिनी: मग मिळाला का भाच्याला? तेव्हा टोरी पक्षाच्या (कॉन्झर्व्हेटिव्ह) प्रीती पटेल सांगत होत्या की युरोपियन युनियनमधून बाहेर पडलो की करीहाउसना शेफ मिळतील. २०२० ला होम सेक्रेटरी म्हणून नवे नियम आणले आणि रेडिओवर त्यांनाच कबूल करावं लागलं की ह्या नियमात स्वतःच्या आईवडिलांनाही कदाचित येता आलं नसतं. एप्रिल २०२४ ला स्किल्ड वर्कर व्हिसाची वर्षाच्या पगाराची अट २६,२०० वरून ३८,७०० पौंड झाली, तेव्हा पंतप्रधान कोण होते, सुनक! माझ्या जावेच्या मुलीला कंपनीने सरळ सांगितलं, एवढा पगार नाही परवडत, ती आता पुण्यात. आणि रिफॉर्म तर आयएलआरच, म्हणजे इथे कायम राहायचा परवानाच काढून टाकायचा म्हणतंय, आमच्या घरात दोघांचा तोच आहे.

काका: मग ब्रिटिश पासपोर्ट घ्या, भारतात जायला-यायला ओसीआय कार्ड मिळतं की. नवीन आलेले रस्त्यात थुंकतात आणि शेजारचा गोरा माझ्याकडे बघतो, ते तुम्हाला नाही कळायचं.

स्लाउचा नवीन मेंबर: काका, तो बघतो हे खरंय. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टला तीन मुलींचे खून झाल्यावर, मारेकरी निर्वासित असल्याच्या अफवेवरून दंगे झाले तेव्हा आईला मी आठवडाभर बाहेर सोडलं नाही. तिच्या पर्समध्ये ब्रिटिश पासपोर्ट होता, तो काय कपाळावर लावून फिरायचा? दगड मारणारा आधी आयएलआर का सिटिझन विचारत नाही.

लेस्टरहून: आमच्याकडे २०२४ ला लेस्टर ईस्टची खासदारकीची सीट टोरींनी लेबरकडून घेतली, देशभरात तेवढी एकच. पण त्याचा अर्थ लगेच इमिग्रेशन नको. लेबरचे इथले माजी खासदार कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब दोघेही लेबरच्या विरोधात उभे होते, मतं फुटली. स्लाउवाल्यांनी दंग्याचा विषय इथे आणायची गरज नव्हती.

स्लाउ: मी आणला नाही, टेबलाने आणला.

काका: पत्रकं गाडीत ठेवतो. पार्किंगमध्ये कोणी मागितलं तर देईन, तिथे मंडळाचं राज्य नाही.

खजिनदार: पार्किंगही हॉलच्याच भाड्यात आहे, काका. आणि वहिनी, कूपनं छापून झाली का?