जुन्या योगा मॅटचं काय करावं? सल्ला हवा आहे

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं मी घरातल्याच एका खोलीत योगासनांचा छोटा वर्ग घेते. या काळात जुन्या मॅट साठत गेल्या. कोणी नवी घेतली आणि जुनी इथेच ठेवली, कोणाचं येणं थांबलं आणि मॅट राहून गेली. काल कपाट आवरताना मोजल्या तर अकरा निघाल्या. शिवाय माझी स्वतःची एक आहे. अधोमुख श्वानासनात हात जिथे टेकतात तिथला तिचा वरचा थर पार झिजलाय, दोन पंजे उमटल्यासारखा.

कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. एवढा मोठा पसारा, त्यात बराचसा अजून धडधाकट. पण नुसता कोंबून ठेवण्यातही अर्थ नाही.

वर्णन देते. पाच पातळ आणि लवचीक आहेत, नव्या असताना त्यांना रेक्झिनसारखा वास यायचा. माझी स्वतःचीही त्याच जातीची. तीन जड, रबराच्या. त्यातल्या एकीचा भुगा पडायला लागलाय. दोन खूप जाड आणि मऊ, बोट दाबलं की खड्डा पडतो. एक अगदी हलकी, दोन बाजूंना दोन रंग असलेली.

कशाची कोणती, हे कसं ओळखायचं? घरात किंवा वर्गात खरोखर टिकणारे उपयोग कोणते? आणि उरलेलं रिसायकल होतं का? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा, फसलेलं असेल तर तेही लिहा.

रसायन

पॉलिमरच्या क्षेत्रात काम करते, म्हणून ओळखण्याचं मी सांगते. आधी मॅटच्या कोपऱ्यावर काही छापलंय का बघा. त्रिकोणात ३ असेल तर पीव्हीसी. ७ म्हणजे 'इतर', त्यातून काहीच कळत नाही. काही छापलेलं नसेल तर तुमच्या वर्णनावरून बोलते: रेक्झिनचा वास येणाऱ्या पाच आणि तुमची स्वतःची बहुतेक पीव्हीसीच. जड आणि भुगा पडणाऱ्या नैसर्गिक रबराच्या. जाड, मऊ त्या एनबीआर, म्हणजे कृत्रिम रबराचा फोम. हलकी दुरंगी टीपीई, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची असावी. खात्री करायला म्हणून कोपरा जाळून बघू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि डायॉक्सिन हे विषारी रसायनही तयार होऊ शकतं. त्याच कारणाने शेकोटीत किंवा पाणी तापवायच्या चुलीत यातली एकही मॅट जाता कामा नये.

ही ओळख आधी का हवी, तर पुढचं सगळं त्यावर ठरतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ करायला प्लास्टिसायझर घालतात. ते प्लास्टिकशी रासायनिकरीत्या बांधलेलं नसतं, त्यामुळे हळूहळू बाहेर येत राहतं. पॉलिश केलेल्या टेबलावर अशी मॅट महिनोन्महिने पडून राहिली तर पॉलिश चिकट होतं, डाग राहतो. प्लास्टिसायझर म्हणून वापरल्या जाणाऱ्या थॅलेट्स या रसायनांपैकी काहींवर युरोपीय संघाने २००५ मध्ये लहान मुलांच्या खेळण्यांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. जुनी मॅट कशाची आहे ते माहीत नसेल तर तिचे तुकडे रांगत्या बाळाच्या हाती देऊ नका, ते पहिलं तोंडातच जातं.

रबराचं वेगळं. रबर विनाइलच्या फ्लोअरिंगवर ठेवलं तर त्यातल्या रसायनांमुळे पिवळे डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. फरशी, सिमेंट किंवा दगडावर ठेवायला हरकत नाही. ज्यांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांना मात्र रबराची मॅट देऊ नका.

दुर्वा

कापायच्या आधी एक विचारते, तुमची झिजलेली मॅट उलटून पाहिलीत का? दोन्ही बाजू सारख्या असतील तर खालची बाजू वर घ्या, किंवा डोक्याकडचं टोक पायाकडे करा. माझी एक मॅट अशी आणखी तीन वर्षं चालली. आणि पातळ मॅट नव्या मॅटच्या खाली अंथरली तर उष्ट्रासनात गुडघ्यांना इतका आराम मिळतो की वर्गातले लोक जुन्या मॅट मागून घेतात. अकरापैकी निम्म्या इथेच संपतील.

टाकेदोरे

दुर्वाताईंशी सहमत, कात्री सगळ्यात शेवटी. एकदा कापली की मॅट म्हणून तिचा उपयोग संपला.

कापायचीच असेल तर मी शिवणकाम करते, म्हणून दोन-चार गोष्टी सांगते. कात्रीने कडा वेड्यावाकड्या येतात. खाली जाड पुठ्ठा, वर लोखंडी पट्टी आणि नवं पातं घातलेलं कटर घ्या. एका फटक्यात आरपार कापायला जाऊ नका, हलक्या हाताने तीन वेळा फिरवा. नेहमीच्या मापाची मॅट साधारण १७३ बाय ६१ सेंमी असते, त्यातून ३० सेंमीचे दहा चौकोन निघतात. शिवताना मॅट मशीनच्या दाबपट्टीला चिकटते आणि टाके एकाच जागी साठतात. वर साधा पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. टाका मोठा ठेवा. लहान टाक्याने ओळीने भोकं पडतात आणि मॅट तिथेच फाटते. माझी पहिली पिशवी अशीच फाटली होती, आतल्या सामानासकट.

माझ्याकडचा सर्वांत टिकलेला उपयोग म्हणजे शिवणयंत्राखालचा तुकडा. यंत्र सरकत नाही, आवाजही कमी झाला. चार वर्षं झाली.

तुमच्या त्या दोन जाड मॅटचा मात्र लोड करा! दोन्ही एकावर एक ठेवून रुंदीची बाजू धरून घट्ट गुंडाळा, तीन ठिकाणी नाडीने बांधा आणि वर सुती अभ्रा घाला. गुंडाळीची लांबी आपोआप ६१ सेंमी येते, आणि मॅट १० मिमी जाडीच्या असतील तर व्यास साधारण २० सेंमी. पाठीखाली लोड घेऊन आडवं होऊन करायच्या सुप्त बद्धकोणासनाला अगदी हवा तसा. आडव्या मॅटमध्ये बोट रुततं, पण गुंडाळी घट्ट असेल तर लोड दबत नाही.

मातीतले हात

बागेत गुडघ्याखाली घ्यायला दोन चौकोन एकावर एक. फार चांगलं.

पण मॅट मातीवर कायमची अंथरू नका. तण येऊ नये म्हणून मी एका वाफ्यावर जुनी मॅट घातली होती. दोन उन्हाळ्यांत तिचे तुकडे झाले आणि ते कण वेचताना मला रडू यायचं बाकी होतं. अजूनही खुरपं मारलं की निळा कण वर येतो. प्लास्टिक असं मातीत गेलं की परत निघत नाही.

ओंजळ

प्राण्यांच्या निवाऱ्यांना देता येतील की! पिंजऱ्यातल्या थंड फरशीवर अंथरायला त्यांना लागतात.

उंबरठा

ओंजळ, हेतू चांगलाच आहे, पण मी अशा एका निवाऱ्यात दर रविवारी मदतीला जातो. कुत्री मॅट चावतात. फोमचे तुकडे गिळले तर आतड्यात अडकू शकतात, आणि मग शस्त्रक्रियाही करावी लागू शकते. आम्ही जुनी चादर आणि टॉवेल घेतो, मॅट नाही. काही ठिकाणी टेबलावर तपासताना प्राणी घसरू नये म्हणून पातळ मॅट वापरतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. न विचारता दारात गठ्ठा ठेवला तर तो टाकायचं काम तिथल्या माणसांच्या गळ्यात पडतं.

ओंजळ

हे माहीत नव्हतं. आता विचारूनच देईन.

रसायन

रिसायकलिंगचं राहिलं होतं. स्पष्ट सांगते, घरच्या सुक्या कचऱ्यात मॅट टाकल्याने ती रिसायकल होत नाही. वर्गीकरण केंद्रांना बाटल्या, डबे, कागद, धातू हवे असतात. मॅट बाजूला काढली जाते किंवा तिथल्या सरकत्या पट्ट्यात अडकते. त्यातही पीव्हीसी नकोसं असतं, कारण बाटल्यांच्या पीईटी या प्लास्टिकात थोडंसं जरी मिसळलं तरी वितळवताना त्यातून आम्ल निघून सगळा माल खराब होतो.

रबराचं तर मूळच असं आहे की ते पुन्हा वितळत नाही. गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करायच्या प्रक्रियेचं पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये घेतलं. त्या प्रक्रियेत रबराच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. म्हणून मॅट टिकते, आणि म्हणूनच वितळवून नवी करता येत नाही. दळून चुरा करता येतो, पण एक-दोन मॅटसाठी तेवढं कोणी करत नाही. टीपीई तत्त्वतः वितळतं, पण फोम, रंग आणि दोन थर एकत्र असल्याने ते घेणारं कोणी सहज सापडत नाही. काही उत्पादक जुन्या मॅट परत घेतात, तेव्हा ज्या कंपनीची मॅट आहे तिला एक पत्र जरूर टाका.

'नैसर्गिक रबर आहे, बागेत पुरा, कुजेल' असं कुठे वाचलंत तर मनावर घेऊ नका. बांधलेलं रबर कुजायला फार काळ लागतो, आणि त्यात रंग व भरावही असतो.

दुर्वा

गालिच्याखाली घालायचं कोणीच कसं सुचवलं नाही? पातळ, पकड असलेली मॅट मुळी तिथूनच तर आली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अँजेला फार्मर या योगशिक्षिका जर्मनीत शिकवत असताना त्यांनी गालिच्याखालचं अस्तर आसनांसाठी वापरलं, आणि त्यातून आजची मॅट घडली. तुमच्या पातळ मॅट पुन्हा गालिच्याखाली गेल्या तर त्या आपल्या मूळ घरीच जातील. गालिचापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंमी लहान कापा, म्हणजे कडा दिसत नाहीत आणि पायही अडखळत नाही. वयस्कर माणूस घरात असेल तर हे आजच करा. माझ्या सासूबाई सरकत्या गालिच्यावरूनच पडल्या होत्या.

रसायन

अगदी पटलं. फक्त खाली फरशी असेल तर. पॉलिश केलेलं लाकूड किंवा विनाइल असेल तर नको.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत काय झालं ते सांगते.

सगळ्या आधी कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुतल्या. रबराच्या मॅट पाणी फार पितात. त्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून चालले, तेव्हा कुठे निथळल्या, मग सावलीत वाळवल्या. पाच पातळपैकी दोन आता वर्गात नव्या मॅटच्या खाली असतात. एक गालिच्याखाली गेली, आमची फरशीच आहे. एक शेजाऱ्यांनी घर बदलताना आरसे आणि तसबिरी गुंडाळायला नेली. पाचवीचे चौकोन केले. खुर्चीवर आसनं करणाऱ्या दोन आजी वर्गात येतात, त्यांच्या खुर्चीच्या चारही पायांखाली ते ठेवते. आता खुर्ची हलत नाही, आणि आजी पहिल्यांदाच पाठ पूर्ण वळवायला तयार झाल्या. मला याचाच सर्वांत आनंद झाला.

धड रबराच्या दोन मॅटबद्दल एका निवाऱ्याला फोन केला. त्यांना तपासणीच्या टेबलासाठी एकच हवी होती, तेवढीच दिली. दुसरी दाराबाहेर पायपुसण्याखाली. भुगा पडणारी मात्र कचऱ्यात गेली. हलकी दुरंगी पुतणीने प्रवासात बसायला नेली.

माझी स्वतःची उलटून वापरतेय. दुर्वा, खालची बाजू जवळजवळ नवी निघाली!

जाड दोन्ही गुंडाळून बांधून ठेवल्यात, व्यास बरोबर २० सेंमी. टाकेदोरे, अभ्र्याचं कापड किती कापू?

टाकेदोरे

दंडगोलाच्या भागासाठी ६६ बाय ६४ सेंमीचं एक कापड, यात शिवणीसाठी दोन्हीकडून दीड-दीड सेंमी धरलंय. टोकांना २३ सेंमी व्यासाचे दोन गोल. कापड आधी धुऊन घ्या, सुती कापड आटतं. चेन लांबीच्या शिवणीत लावा, टोकाच्या गोलाला नको. तिथून लोड आत सरकवताना शिवण उसवते. आणि बांधलेल्या नाड्यांच्या गाठी चेनच्या विरुद्ध बाजूला राहू द्या, नाहीतर पाठीला टोचतील.