मोबाइलवरचे बुकमार्क: ठेवले किती, उघडले किती?

काल क्रोममधलं 'मोबाइल बुकमार्क' फोल्डर उघडलं. चारशे बारा पानं! त्यात थालीपिठाची सात, आणि एकाही पानावरून थालीपीठ झालेलं नाही. तुमच्याकडे काय परिस्थिती? बुकमार्कलेटवाल्यांनी (म्हणजे बुकमार्कमध्ये छोटा कोड ठेवून पानावर चालवणाऱ्यांनी) तर लिहाच.

चष्मेवाली: माझं बुकमार्कलेट एकच, अक्षर मोठं करणारं. भाच्याने दिलं. बुकमार्कमध्ये पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्टची ओळ असते, ती समोर उघडलेल्या पानावरच चालते. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये मी यादीतून दाबत बसले, ढिम्म. दोन दिवस भाच्याच्या नावाने खडे फोडले. मग कळलं, पान उघडं ठेवून वरच्या पत्त्याच्या पट्टीत बुकमार्कचं नाव टाइप करायचं आणि खाली ते सुचवलं गेलं की त्यावर बोट टेकवायचं. नाव 'मोठं' ठेवलं होतं, तर 'मो' लिहिताच मोदक वर! आता नाव 'ठठ'. त्याला स्पर्धक नाही.

सफरचंद: आयफोनच्या सफारीत यादीतून दाबलं की चालतं, पण आत घालायची कसरत आहे. आधी कुठलंही पान बुकमार्क करायचं, मग संपादनात जाऊन त्याचा पत्ता पुसायचा आणि तिथे कोड चिकटवायचा. मी शहाण्याने कोड आधी नोट्समध्ये टाइप केला. फोनने सरळ अवतरणचिन्हं परस्पर वळणदार करून टाकली. कोड मेला, चूक कुठे ते सांगणार कोण? कीबोर्डच्या सेटिंगमधलं स्मार्ट पंक्चुएशन बंद केलं तेव्हा सुटलो.

बांधावरून: आमचं साधं. सातबाऱ्यासाठी आबांच्या फोनवर, होम स्क्रीनवरच, खूण करून दिली. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन, "सेशन संपलं म्हणतंय. कसलं सेशन रे?" मी लॉगिन झाल्यानंतरचं पान जोडलं होतं. पहिलं पान जोडायला हवं होतं. आबा अजून ऐकवतात.

सावध: बँकेचं पान मी फक्त बुकमार्कमधूनच उघडतो. 'आज रात्री वीज तोडणार' छाप मेसेजमधल्या लिंकांना सासरे एकदा फसता फसता वाचले, तेव्हापासून त्यांनाही तीच सवय लावली. आणि बुकमार्कलेटबद्दल एक: ते उघड्या पानावरचं सगळं वाचू शकतं, त्यात बदलही करू शकतं. कुणीतरी पाठवलेला कोड बँकेच्या पानावर चालवू नका. भाच्याचा असला तरी.

चष्मेवाली: @सावध, भाचा दुखावलाय.

धागाकर्ता: 'ठठ' करून पाहिलं. एका ब्लॉगवर झकास चाललं, पण बातम्यांच्या साइटवर मथळा हलला नाही, मजकूरही तेवढाच. असं का?

सफरचंद: तो कोड अख्ख्या पानाला एक माप देतो. साइटने मथळ्याला, परिच्छेदाला स्वतंत्र मापं ठोकली असतील तर ते वरचं माप तिथवर पोचत नाही. प्रत्येक परिच्छेद गाठणारा कोड लागेल. रात्री देतो, अवतरणचिन्हं तपासून.