ड्रॉप म्हणजे टाकणे की सोडणे? गोल्फच्या नियमांतले फसवे शब्द

प्रस्ताव

गोल्फच्या नियमांत चार क्रिया पावलोपावली येतात: लिफ्ट, ड्रॉप, प्लेस, रिप्लेस. बोलताना आपण बॉल उचलला, टाकला, ठेवला असं म्हणून मोकळे होतो. नियमात मात्र या चारही क्रिया वेगळ्या आहेत आणि एकीच्या जागी दुसरी केली की पेनल्टी, म्हणजे दंडाचे जादा फटके, बसते. नियमांचं मराठी टिपण लिहिताना 'ड्रॉप'ला, म्हणजे अडचणीतून काढलेला बॉल नियमाने ठरलेल्या पट्ट्यात पडू देण्याला, टाकणे म्हणावं, सोडणे म्हणावं, की इंग्रजीच शब्द राहू द्यावा? आणि हॅझर्ड, ऑब्स्ट्रक्शन, लूज इम्पेडिमेंट या तिन्हींसाठी 'अडथळा' हा एकच शब्द पुढे येतो, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद १

सोडणे. टाकण्यात हाताचा जोर येतो, नेम येतो, आणि नियमाला नेमकं तेच नको आहे. बॉल खेळाडूने स्वतः सोडायचा, कॅडीने (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने) नाही. उंची गुडघ्याची, तीही ताठ उभं राहिल्यावर गुडघा जिथे येतो तिथली. खाली वाकलात म्हणून उंची कमी होत नाही. बॉल सरळ खाली यायला हवा. फेकायचा नाही, फिरकी द्यायची नाही, घरंगळवायचा नाही, आणि जमिनीला टेकण्याआधी तो तुमच्या अंगाला किंवा सामानाला लागता कामा नये.

लोक चुकतात ते मोजणीत. चुकीच्या पद्धतीने सोडला, तर तो सोडणं मोजतच नाहीत. बरोबर होईपर्यंत पुन्हा सोडायचा. पद्धत बरोबर होती पण बॉल ठरलेल्या पट्ट्याबाहेर जाऊन थांबला, तर दुसऱ्यांदा सोडायचा. तोही बाहेर गेला, तर दुसऱ्या वेळी जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकला तिथे हाताने ठेवायचा. म्हणजे 'ठेवणे' ही शेवटची पायरी आहे. उतारावर बॉल टिकणार नाही हे आधीच दिसतंय म्हणून थेट ठेवून मोकळं होता येत नाही.

प्रतिसाद २

उंचीचा गोंधळ इतिहासातून आला आहे. १९८४ पूर्वी होलकडे तोंड करून बॉल खांद्यावरून मागे सोडत. १९८४ पासून हात ताणून खांद्याच्या उंचीवरून. १ जानेवारी २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून. उंची कमी केल्याने बॉल कमी उडतो, पट्ट्यातच राहतो आणि पुन्हा सोडायची वेळ कमी येते. पण हाताची सवय लवकर सुटत नाही. नियम बदलून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा मेक्सिकोतल्या स्पर्धेत अमेरिकी गोल्फर रिकी फाउलरने जुन्या सवयीने खांद्याच्या उंचीवरून बॉल सोडला, तसाच खेळला आणि एक फटका पेनल्टी घेतली. फटका मारायच्या आधी चूक लक्षात आली असती तर बॉल उचलून पुन्हा सोडता आला असता, काहीही दंड न बसता.

प्रतिसाद ३

'सोडणे'ला माझी हरकत आहे. आपल्याकडे 'बॉल सोडला' म्हटलं की क्रिकेट डोळ्यांसमोर येतं: फलंदाजाने न खेळता जाऊ दिला, नाहीतर क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटला. गोल्फचं टिपण वाचणारा नवखा माणूस तिथेच अडखळेल. 'खाली सोडणे' म्हणा किंवा सरळ ड्रॉप.

प्रतिसाद १

'खाली सोडणे' मान्य. क्रिकेटचा अर्थ आपोआप गळतो.

प्रतिसाद ४

खरा घात 'रिप्लेस' करतं, ड्रॉप नव्हे. रोजच्या मराठीत रिप्लेस म्हणजे बदलणे. बॅटरी रिप्लेस केली, म्हणजे जुनी काढून नवी घातली. गोल्फमध्ये अर्थ बरोबर उलटा आहे: उचललेला बॉल होता त्याच जागी परत ठेवणे, आणि साधारणपणे तोच बॉल. बदलण्याला नियमांत सबस्टिट्यूट म्हणतात. 'बॉल रिप्लेस कर' हे ऐकून ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) खिशातला दुसरा बॉल ठेवून पट केला (होलकडे हळू ढकलला), की दंड बसलाच. म्हणून इंग्रजी शब्द तसाच ठेवण्याच्या मी विरोधात आहे. 'जागेवर परत ठेवणे' हे चार अक्षरं जास्त असलं तरी चालेल.

यातूनच उचलण्याचा नियमही कळतो. बॉल जागेवर परत ठेवायचा असेल तर उचलण्याआधी खूण करावी लागते: नाणं किंवा मार्कर बॉलच्या अगदी मागे किंवा अगदी शेजारी. खूण न करता उचलला तर एक फटका. पण जो बॉल दुसरीकडे खाली सोडायचा आहे, म्हणजे सिमेंटच्या वाटेवरून किंवा साचलेल्या पाण्यातून सुटका घ्यायची आहे, त्याला खुणेची सक्ती नाही, आणि तिथे दुसरा बॉल वापरला तरी चालतो. परत ठेवायचा तर खूण आणि तोच बॉल. सोडायचा तर दोन्हींची गरज नाही.

प्रतिसाद २

वाटेवरच्या सुटकेत आणखी एक सापळा आहे. आधी जागा शोधा, मग बॉल उचला. बॉल, पाय आणि स्विंग हे तिन्ही वाटेपासून पूर्ण मोकळे होतील आणि होलच्या जवळ जाणार नाही, असा सगळ्यात जवळचा बिंदू घ्यावा लागतो; तिथून एक क्लब लांबीचा पट्टा. क्लब लांबी म्हणजे पिशवीतला पटर (ग्रीनवर वापरायची काठी) सोडून सगळ्यात लांब क्लब, बहुतेकांचा ड्रायव्हर. हा जवळचा बिंदू झुडपात आला तर झुडपात. वाटेची दुसरी बाजू सोयीची आहे म्हणून निवडता येत नाही. बॉल आधीच उचलला, मग झुडूप दिसलं आणि 'राहू दे, वाटेवरूनच खेळतो' म्हणून परत ठेवला, तर विनाकारण उचलल्याचा एक फटका.

प्रतिसाद ५

आता 'अडथळा'. हा शब्द नियमांच्या मराठीतून काढूनच टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नियम 'अडतंय का' एवढंच विचारत नाही, 'ही वस्तू कोणी केली' असं विचारतो.

निसर्गाची सुटी वस्तू म्हणजे लूज इम्पेडिमेंट: पान, काटकी, खडा, शेण. याला 'सुटा पाचोळा' म्हणता येईल, फक्त 'सुटा' म्हणजे 'हलका' असं समजू नये. १९९९ च्या फिनिक्स ओपनमध्ये टायगर वुड्सच्या बॉलसमोर भलामोठा धोंडा होता. तो जमिनीत रुतलेला नव्हता, म्हणून नियमाने सुटाच ठरला आणि प्रेक्षकांनी मिळून तो ढकलून बाजूला केला. वजनाची अट नियमात नाही. उलट वाळू आणि भुसभुशीत माती कितीही हलकी असली तरी यात मोडत नाही. ती फक्त ग्रीनवर झाडता येते.

माणसाने केलेली वस्तू म्हणजे ऑब्स्ट्रक्शन: बाटली, दाताळं, पाइप, सिमेंटची वाट. दोन्हींतला फरक कामाचा आहे. ग्रीनबाहेर पान काढताना बॉल हलला तर एक फटका आणि बॉल जागेवर परत. बाटली काढताना हलला तर नुसता परत ठेवायचा, दंड नाही.

आणि खुंट्या! ओढ्या-तळ्याची कड दाखवणारी लाल किंवा पिवळी खुंटी सहज निघत असेल तर उपटून बाजूला ठेवता येते. पांढरी खुंटी तशीच लाकडाची, तशीच ठोकलेली, पण ती मैदानाच्या हद्दीची खूण. ती हलवायची नाही, आणि ती स्विंगच्या आड येते म्हणून फुकट सुटकाही नाही. हे अनेकांना अन्यायाचं वाटतं, पण हद्दीची खूण मुद्दामच ऑब्स्ट्रक्शनच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे.

प्रतिसाद ३

हॅझर्ड राहिलं. २०१९ पूर्वी या एका शब्दात बंकर (वाळूचा खड्डा) आणि पाणी दोन्ही येत, म्हणून दोन्हीकडे क्लब टेकवायला बंदी होती. २०१९ मध्ये शब्द गेला आणि पाण्याच्या हॅझर्डला 'पेनल्टी एरिया' हे नाव आलं. आता तिथे क्लब टेकवता येतो, पाचोळा काढता येतो. बंकरमध्येही पाचोळा काढता येतो, पण बॉलच्या लगत पुढे-मागे, सरावाच्या स्विंगमध्ये किंवा क्लब मागे नेताना वाळूला स्पर्श केला की दंड. जो अजून दोन्हींना हॅझर्डच म्हणतो, तो एक तर पाण्याकाठी उगाच क्लब अधांतरी धरतो, नाहीतर बंकरमध्ये बिनधास्त टेकवतो.

'पाण्याची जागा' असं भाषांतर मात्र करू नका. आपल्याकडचा ओढा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असला तरी पेनल्टी एरियाच. आणि पावसाळ्यात फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) साचलेलं डबकं पाणी असूनही पेनल्टी एरिया नाही, ते तात्पुरतं पाणी; तिथून फुकट सुटका. नुसती जमीन ओली किंवा पचपचीत असणं पुरेसं नाही, पाय ठेवण्याआधी किंवा उभं राहिल्यावर पाणी वर दिसलं पाहिजे. दव त्यात धरत नाहीत.

प्रतिसाद ४

'तात्पुरता' पाण्यासाठी वापरलात, मग प्रोव्हिजनल बॉलला काय म्हणणार? 'राखीव' चूक आहे, राखीव बॉल पिशवीत असतो. 'हंगामी' चपखल बसतो: हंगामी अध्यक्ष जसा खरा अध्यक्ष येईपर्यंत, तसा पहिला बॉल सापडेपर्यंत हा.

इथे शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं दुसऱ्या कुठल्याच नियमात नाही. बॉल हरवला असेल किंवा हद्दीबाहेर गेला असेल अशी शंका आली, तर दुसरा मारण्याआधी तो प्रोव्हिजनल आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. 'आणखी एक मारतो', 'परत मारतो' हे पुरत नाही. तेवढंच बोलून टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) मारलात तर तोच चालू बॉल. एक फटका गेला, एक पेनल्टी, आणि हा तिसरा. पहिला नंतर फेअरवेच्या मधोमध सापडला तरी तो मेला. शोधायला मुदत तीन मिनिटं, २०१९ पूर्वी पाच होती. तुम्ही किंवा तुमच्या कॅडीने शोधायला सुरुवात केली की ती चालू होते.

प्रतिसाद ५

'हंगामी' टिपणात लिहा. मैदानावर मात्र सोबतच्यांना ऐकू जाईल असं 'प्रोव्हिजनल' म्हणा, आणि बॉलचा ब्रँड आणि नंबरही सांगा. दोन्ही बॉल एकाच झाडीत सापडले आणि कुठला कोणता ते सांगता आलं नाही, की पुढची पाच मिनिटं वादात जातात.