लंडनच्या युद्धविरोधी मोर्चाला आई आणि लेकीला घेऊन जायचंय, प्रवासाचं कसं जमवू?

मृण्मयी_लेस्टर

नमस्कार मंडळी, गाझामधलं युद्ध थांबवा म्हणून लंडनला शनिवारी जो मोठा मोर्चा आहे त्याला यावेळी जायचंच असं ठरवलंय. रोज बातम्या बघून नुसतं हळहळत बसणं आता नाही सहन होत. मी लेस्टरला असते, नवऱ्याची त्या दिवशी ड्युटी आहे, म्हणजे मी, नऊ वर्षांची लेक आणि आई अशा तिघीच. आई साताऱ्याहून आलीये, व्हिजिटर व्हिसावर. वय ६४, गुडघे दुखतात, पण ती लहानपणी गोरेगावात वाढलेली, आजीचं बोट धरून मृणालताई गोरेंच्या महागाईविरोधी लाटणं मोर्चाला गेलेली, त्यामुळे तुम्ही दोघी जा मी घरी थांबते हे ती ऐकूनच घेत नाहीये.

मी इथे कधी मोठ्या मोर्चाला गेलेले नाही. रसेल स्क्वेअरहून निघून व्हाइटहॉलला संपणार असं आत्ता तरी सांगताहेत. ट्रेन बरी की मोर्चाला जाणाऱ्या इथल्या ग्रुपची कोच (बस) बरी? आईला किती चालावं लागेल, बाथरूमचं काय, गर्दीत लेक हरवली तर काय, आणि व्हिसावर असताना मोर्चात चाललं तर पुढे त्रास होतो का? मैत्रिणींनी या शेवटच्या मुद्द्यावरून फार घाबरवलंय. ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रानवारा

मृण्मयी, नक्की जा आणि आईंना घेऊनच जा. मी लंडनमध्येच असतो आणि या मोर्चांना जमेल तसा जातो त्यामुळे सांगतो, आधी परतीचं ठरव, जायचं नंतर. सकाळी सगळे वेगवेगळ्या वेळी येतात म्हणून येताना फार त्रास होत नाही, पण संपल्यावर हजारो लोक एकाच वेळी त्याच दोन-तीन स्टेशनांकडे वळतात, वेस्टमिन्स्टर, एम्बँकमेंट, चेरिंग क्रॉस, आणि गर्दी हाताबाहेर जाईल असं वाटलं की स्टेशनचं गेट बंद करतात नाहीतर गाडी न थांबवता पुढे काढतात, मग थकलेल्या आईंना आणि पोरीला घेऊन दारात उभं राहायची वेळ येते.

तुमच्यासाठी ट्रेनच बरी कारण लेस्टरची गाडी सेंट पँक्रसला येते, तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ, आणि तिथून रसेल स्क्वेअर चालत पंधरा-वीस मिनिटं, ट्यूबची (लंडनच्या भुयारी रेल्वेची) गरजच नाही. ॲडव्हान्स तिकीट स्वस्त दिसेल पण ते एकाच गाडीला बांधलेलं असतं, मोर्चा लांबला की गेलं, म्हणून परतीसाठी तरी ते घेऊ नकोस, ऑफ-पीक रिटर्न काढ, गर्दीच्या वेळा सोडून कुठल्याही गाडीला चालतं. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड असेल तर मोठ्यांना एक तृतीयांश आणि लेकीला ६० टक्के सूट मिळते, नसेल तर काढ, वर्षभर कामाला येईल. आणि आदल्या दिवशी बघून घे की वीकेंडला रुळांची कामं नाहीयेत ना, शनिवार-रविवारी हे फार असतं, मग मधेच बसमध्ये बसवतात.

मार्ग नेहमीचाच ठेवला तर साउदम्प्टन रो, किंग्जवे, ॲल्डविच, स्ट्रँड, ट्रफाल्गर स्क्वेअर, व्हाइटहॉल. अंतर फार नाही, अडीच-तीन किलोमीटर. पण आईंच्या गुडघ्याला त्रास चालण्याचा नाही होणार, उभं राहण्याचा होईल. मोठा मोर्चा निघायच्या वेळेला निघत नाही, पुढचे लोक हलतात तेव्हा मागचे तास-दीड तास जागीच असतात. म्हणून अगदी सुरुवातीला पोचायची घाई करू नका. रसेल स्क्वेअरच्या बागेत बाकं आहेत तिथे बसा, मोर्चाचं शेपूट हलायला लागलं की सामील व्हा. शेपटात चालणाऱ्याचं डोकंही मोजलं जातंच.

ब्रमीचा_बाळू

कोचबद्दल मी सांगतो, आम्ही बर्मिंगहॅमहून ग्रुपच्या कोचनेच जातो. स्वस्त पडते, पैसे नसतील त्याला कमी पैशात पण नेतात, आणि सगळे एकाच कामाला निघालेले त्यामुळे जाताना जे बोलणं होतं ना त्याला तोड नाही, मागच्या वेळी शेजारी एक रिटायर्ड नर्स बसल्या होत्या, पूर्ण वाटभर कापडावर गाझात मारल्या गेलेल्या मुलांची नावं भरतकामाने लिहीत होत्या, नाव आणि वय, नाव आणि वय. काही बोलल्या नाहीत फारसं. लंडन येईपर्यंत माझ्याही हातात त्यांनी सुईदोरा दिला होता.

पण ताई, लहान मुलगी आणि गुडघेदुखी असेल तर कोचचा एक प्रॉब्लेम आहे, सकाळी जिथे सोडते तिथूनच संध्याकाळी घेते असं नाही, पार्किंग दुसरीकडेच असतं, आणि ठरलेल्या वेळेला निघते. आईंना दुपारी दोनलाच घरी जावंसं वाटलं तर अडकलात. त्यामुळे रानवारांशी सहमत, ट्रेन. तरी लेस्टरच्या ग्रुपशी ओळख करून ठेवा, वेळेला धावून येणारी माणसं असतात.

खायला घरून न्या. गर्दीत दुकानाच्या रांगेत उभं राहणं म्हणजे अर्धा तास गेला. पोळीचा रोल, दशम्या, गूळ-शेंगदाणे, पाणी. पाणी घोट घोट प्या पण प्या, बाथरूमच्या भीतीने बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग डोकं धरतं. बाथरूमला सेंट पँक्रसच्या शेजारच्याच किंग्ज क्रॉस स्टेशनला आधी जाऊन या, तिथे पैसे लागत नाहीत. रसेल स्क्वेअरजवळ ब्रिटिश म्युझियम आहे, प्रवेश फुकट, बॅग तपासतात आणि रांग असते एवढंच.

सह्याद्रीपुत्र

मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. परक्या देशात आलोय, आई व्हिजिटर व्हिसावर, सोबत लहान मूल, आणि जायचं कुठे तर लाखभर लोकांच्या गर्दीत. उद्या काही झालं, कुणी दगड मारला, पोलिसांनी पकडलं तर? आणि एवढं करून युद्ध थांबतं का? २००३ मध्ये याच लंडनमध्ये केवढा मोर्चा निघाला होता, इराकवर हल्ला झालाच ना. पैसे पाठवा, मदतीला द्या, पण लेकराला घेऊन रस्त्यावर जाऊ नका.

अभि_नगरकर

काळजी चुकीची नाही पण माहिती नीट घेऊया. मी इथे कायद्याशी संबंधित काम करतो, तुमच्या केसचा सल्ला म्हणून नाही, सगळ्यांना माहीत असावं म्हणून लिहितोय.

शांततेने मोर्चात चालण्याचा हक्क इथे ह्यूमन राइट्स ॲक्ट १९९८ खाली येतो आणि तो फक्त ब्रिटिश नागरिकांपुरता नाही, व्हिसावरच्या माणसालाही आहे. नुसतं चालल्यामुळे व्हिसा जात नाही. त्रास होतो तो अटक, कॉशन (पोलिसांची नोंदलेली ताकीद) किंवा शिक्षा झाली तर, कारण पुढच्या अर्जात ते सांगावं लागतं. म्हणून ज्याच्यामुळे अटक होऊ शकते तेवढं टाळायचं.

पहिलं म्हणजे पोलीस पब्लिक ऑर्डर ॲक्ट १९८६ खाली अटी घालतात, मोर्चा कुठल्या रस्त्याने जाईल, सभा किती वाजेपर्यंत, कुठल्या भागात जायचं नाही. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या पेजवर नकाशासकट टाकतात, तो वाचा आणि फोटो काढून ठेवा. मला माहीत नव्हतं हे कारण आता फारसं चालत नाही, २०२२ च्या कायद्यात माहीत असायला हवं होतं इतकंही पुरे असं केलंय. सभेची वेळ संपली की व्हाइटहॉलला रेंगाळू नका, पाच मिनिटंसुद्धा. दुसरं, इथे ज्या संघटनेवर बंदी असेल तिच्या समर्थनाचा बोर्ड, बिल्ला, टीशर्ट काहीही नको, तो थेट टेररिझम ॲक्टखालचा गुन्हा आहे, आणि बाजूच्याने प्रेमाने हातात दिलेला बोर्डसुद्धा वाचल्याशिवाय धरायचा नाही. आईंना हे घरीच समजावून सांगा, कारण त्या इंग्रजी बोर्ड वाचत बसणार नाहीत आणि कुणी दिलं तर धरतील.

इंग्लंडमध्ये ओळखपत्र जवळ बाळगायची सक्ती नाही. स्टॉप अँड सर्च झालं, म्हणजे पोलिसांनी थांबवून झडती घेतली, तरी नाव-पत्ता सांगायची सक्ती नसते. आकाशी रंगाच्या जाकिटातले पोलीस असतात, लिएझन ऑफिसर, लोकांशी बोलायला नेमलेले, फार गोड बोलतात, गप्पा मारायचं बंधन नाही. नारिंगी जाकिटात लीगल ऑब्झर्व्हर असतात, पोलिसांच्या वागण्यावर लक्ष ठेवणारे, ते पोलीस नव्हेत, ते वकिलांचे नंबर छापलेलं छोटं कार्ड देतात, घेऊन ठेवा. अटक झालीच तर स्टेशनवर वकील फुकट मिळतो, तो येईपर्यंत काही बोलायचं नाही. आणि मृण्मयी, तू हॉस्पिटलला वगैरे असशील तर कामाचं लॅनयार्ड (गळ्यातली ओळखपत्राची पट्टी), युनिफॉर्म त्या दिवशी घरी.

सुधा_हॅरो

सह्याद्रीपुत्र, तुम्ही २००३ चं नाव काढलंत म्हणून लिहिते, मी होते त्या दिवशी. १५ फेब्रुवारी, शनिवार, कडाक्याची थंडी. एक टोक एम्बँकमेंटला आणि दुसरं गॉवर स्ट्रीटला, दोन्ही पिकॅडिलीला मिळणार आणि पुढे हाइड पार्क, असं ठरलेलं. पोलिसांनीच साडेसात लाख म्हटलं, आयोजक तर वीस लाखांपर्यंत सांगत होते. आम्ही पार्कात पोचलो तोवर अंधार पडायला आला होता, भाषणं संपत आली होती, तरी मागून माणसं येतच होती. प्रॅममधली बाळं होती, काठी टेकत चालणारे होते, आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उतरलेले तर कितीतरी. मुलांना घेऊन गेले होते म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही.

युद्ध थांबलं नाही, खरं आहे. २० मार्चला सुरू झालंच. पण त्याच्या दोन दिवस आधी पार्लमेंटमध्ये मतदान झालं तेव्हा पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षाचे १३९ खासदार विरोधात गेले, रॉबिन कुक तर आदल्याच दिवशी मंत्रिपद सोडून गेले, हे रस्त्यावरच्या माणसांशिवाय झालं असतं असं मला वाटत नाही. आणि दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, सीरियावर हल्ला करायचा ठराव याच पार्लमेंटने २८५ विरुद्ध २७२ मतांनी पाडला. त्या दिवशी कित्येक खासदारांच्या तोंडी इराकच होता. माणसं मारायची तयारी चालू असताना आम्ही गप्प नव्हतो हे लेकीला आत्ता दिसू दे, तिला तिच्या वयाचं जेवढं कळायचं तेवढं कळेल. पैसे पाठवणं पण करावंच, एक केलं म्हणून दुसरं करायचं नाही असं थोडंच आहे.

आता कामाचं. मृण्मयी बाळा, लेकीच्या मनगटावर बॉलपेनने तुझा नंबर लिही, बाहीच्या आत, आणि कागदावर लिहून खिशातही ठेव. गर्दीत फोन लागतच नाही, रेंज दिसते पण कॉल जात नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरव आणि ती जागा मोर्चाच्या रस्त्यावर नको. आईला ट्यूबसाठी स्वतःचं वेगळं ऑयस्टर कार्ड (प्रवासाचं कार्ड) काढून दे, गेटवर एका कार्डावर दोघींना जाता येत नाही, लेक मात्र अकराच्या आतली आहे त्यामुळे तुझ्याबरोबर ट्यूबला फुकट. ॲल्डविचच्या आसपास कधी कधी मोर्चाच्या विरोधातले लोक बॅरिकेडमागे उभे असतात आणि ओरडतात, तेव्हा लेकीला आतल्या बाजूला घ्यायचं आणि चालत राहायचं. उत्तर द्यायचं नाही.

मृण्मयी_लेस्टर

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, डोक्यातला गुंता बराच सुटला. सह्याद्रीपुत्र तुमची काळजी कळली, पण आम्ही जातोय. अभि दादा, आईला बोर्डाचं सांगितलं, ती म्हणाली मी दुसऱ्याचा बोर्ड धरतेच कशाला, माझा मी लिहिणार. पुठ्ठ्यावर लिहून पण झालंय, युद्ध नको बुद्ध हवा, खाली लेकीने इंग्रजीत लिहिलंय आणि कबुतर काढलंय. काकू, ऑयस्टरचं लक्षातच आलं नसतं.

एकच राहिलं, आईला मधेच नाही झेपलं तर कुठून बाहेर पडू? आणि पूर्ण गेलो तर व्हाइटहॉलवरून सेंट पँक्रसला कसं यायचं?

रानवारा

मधेच थांबायचं झालं तर ॲल्डविचच्या आधीच ठरवा. किंग्जवेला असतानाच बाजूच्या गल्लीत घुसून होबर्न स्टेशनला मागे या, तिथे सरकते जिने आहेत, पिकॅडिली लाईनने दुसरं स्टेशन किंग्ज क्रॉस. चुकूनही कोव्हेंट गार्डनला जाऊ नका, तिथे लिफ्ट आहे पण रांग लागते आणि जिना १९३ पायऱ्यांचा.

शेवटपर्यंत गेलात तर सभा पूर्ण ऐकायचा आग्रह नको, दोन भाषणं ऐका आणि गर्दी फुटायच्या आत निघा. जवळच्या स्टेशनांच्या नादी न लागता नदी ओलांडा, वेस्टमिन्स्टर ब्रिजने किंवा चेरिंग क्रॉसजवळच्या पादचारी पुलाने वॉटर्लूला या, पादचारी पुलाला पायऱ्या असल्या तरी लिफ्टही आहेत. वॉटर्लूहून नॉर्दर्न लाईन, युस्टनला उतरा, तिथून सेंट पँक्रस चालत दहा-बारा मिनिटं. बसच्या भरवशावर राहू नका, त्या दिवशी मधल्या लंडनच्या बऱ्याच बसेस वळवलेल्या असतात. पुठ्ठ्याचा बोर्ड पाऊस आला तर भिजेल, आदल्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेप मार. मी शनिवारी किंग्ज क्रॉसलाच असेन, व्यनि (खाजगी निरोप) करतो, गाडीची वेळ कळव म्हणजे आईंचं सामान तरी घेता येईल.